मनोविकारांचे निदान व व्यावसायिक मानदंड

व्यक्तीच्या विचार, भावना, संवेदन व वर्तन यांत दिसणारा बदल विकाररूप आहे किंवा नाही, असल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे व त्याची संभाव्य कारणे कोणती, हे ठरविण्याच्या वैद्यकीय प्रक्रियेस मनोविकारनिदान म्हणतात. ही प्रक्रिया कोणी, कोणत्या पद्धतीने व कोणत्या मर्यादांत पार पाडावी, यासंबंधी वैद्यकव्यवसायाने आणि कायद्याने घालून दिलेले नियम म्हणजे तिचे व्यावसायिक मानदंड होत. क्षयाच्या निदानास थुंकीतील जंतूंचा व मधुमेहाच्या निदानास रक्तशर्करेचा आधार मिळतो. छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया), अवसाद, उद्दीपन-अवसाद इ. प्रमुख मनोविकारांच्या बाबतीत मात्र अशी निर्णायक प्रयोगशालेय चाचणी अद्याप उपलब्ध नाही. निदान मुख्यतः रुग्णाशी होणारे संभाषण, त्याचे निरीक्षण व आप्तांनी सांगितलेला पूर्वेतिहास यांवर अवलंबून असते. तेव्हा येथे निदानाची विश्वसनीयता ही बव्हंशी निदान करणाऱ्याच्या प्रशिक्षणाची व शिस्तीची विश्वसनीयता होय. मनोविकाराच्या निदानाने रुग्णाचे स्वातंत्र्य, विवाह, नोकरी व समाजातील स्थान यांवर परिणाम होऊ शकत असल्याने या विद्याशाखेत व्यावसायिक मानदंडांना विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक आढावा : चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सांनिपातिक व आगंतुक असे पाच प्रकार वर्णिले आहेत. आधुनिक वर्गीकरणाचा पाया जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमील क्रेपेलीन यांनी घातला. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ मधील सहाव्या आवृत्तीत त्यांनी विकाराचा दीर्घकालीन क्रम लक्षात घेऊन गंभीर मनोविकारांचे अकाली बुद्धिभ्रंश आणि उद्दीपन-अवसाद असे दोन मोठे वर्ग केले. त्यांपैकी पहिल्यास स्विस तज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा योजिली. अमेरिकन मनोविकारवैद्यक संघटनेची निदानपुस्तिका प्रथम १९५२ मध्ये निघाली.

विविध देशांतील तज्ज्ञ एकच संज्ञा निरनिराळ्या अर्थांनी वापरीत असल्याचे १९६०–७० या दशकात प्रकर्षाने दिसून आले. न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांच्या तौलनिक अभ्यासात न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांनी छिन्नमानसाचे निदान कितीतरी अधिक रुग्णांच्या बाबतीत केले होते; परंतु दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच ठराविक पद्धतीने मुलाखत घेतली असता हा फरक बव्हंशी नाहीसा झाला. म्हणजे भेद रुग्णांत नसून तज्ज्ञांच्या सवयीत होता. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमानसाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी नऊ केंद्रे निवडली. आग्रा हे त्यांपैकी एक होते. समान मुलाखतपद्धती वापरल्यास भिन्न संस्कृतींतही हा विकार ओळखता येतो, असे या अभ्यासातून निष्पन्न झाले.

अमेरिकन पुस्तिकेच्या १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक विकारासाठी लक्षणांची निश्चित सूची, किमान संख्या व कालावधी दिला. हीच पद्धत थोड्याफार फरकाने पुढे सर्वत्र रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तथापि नेमके निकष दिल्याने मतभेद पूर्णतः मिटत नाहीत. अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रचाचणीत दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र निदानांतील एकवाक्यता तपासण्यात आली. ज्या गुणांकात १ म्हणजे पूर्ण एकमत आणि ० म्हणजे केवळ योगायोगाइतके एकमत, त्या गुणांकानुसार तीव्र अवसादाच्या बाबतीत ही एकवाक्यता अवघी ०·२८ भरली.

निदानाची पद्धती : तज्ज्ञ प्रथम तक्रारींचे स्वरूप, त्यांचा आरंभ व क्रम, पूर्वीचे आजार, कुटुंबातील आजार, व्यसने, शिक्षण, व्यवसाय आणि आजारापूर्वीचा स्वभाव यांची माहिती घेतो. त्यानंतर मनःस्थितिपरीक्षा केली जाते. तीत पेहराव व हालचाली, बोलण्याची गती, भावावस्था, विचारांची संगती, भ्रम (खोटी परंतु पुराव्याने न ढळणारी समजूत), भास (बाह्य उद्दीपकावाचून होणारे संवेदन), स्मृती, स्थलकालाचे भान व स्वतःच्या आजाराची जाणीव यांची क्रमाने नोंद होते. आत्महत्येचे विचार येतात काय, हे स्पष्टपणे विचारणे आवश्यक मानतात. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात उत्पन्न होतो, ही समजूत निराधार आहे.

शारीरिक कारणांचा निरास ही निदानाची अनिवार्य पायरी होय. अवटू ग्रंथीच्या स्रावातील न्यूनता अवसादासारखी दिसू शकते. दारू एकाएकी बंद झाल्याने होणारी मुग्धभ्रांती, ब-१२ जीवनसत्त्वाची त्रुटी, अपस्मार, मेंदूतील गाठ, ज्वर यांमुळेही असंबद्ध वर्तन घडते. वृद्ध व्यक्तीचे वर्तन एकाएकी, काही तासांत वा दिवसांत बदलल्यास शारीरिक आजार प्रथम शोधावा, असा संकेत आहे. प्रयोगशालेय तपासण्यांचा येथे उपयोग होतो, तो मुख्यतः इतर रोग वगळण्यासाठी. मानसशास्त्रीय कसोट्या निदानास साह्यभूत ठरतात. केवळ एखादी प्रश्नावली भरून घेणे म्हणजे मात्र निदान नव्हे.

एकाच भेटीत निश्चित निदान होईलच असे नाही. पहिले निदान तात्पुरते समजून, आजाराचा पुढील क्रम व उपचारांना मिळणारा प्रतिसाद पाहून ते कायम करणे किंवा बदलणे, ही उत्तम व्यवसायाची खूण मानली जाते.

निदान करणारे व्यावसायिक : मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर मनोविकारवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य असतो व तो औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राचा पदवीधर असून विहित प्रशिक्षणानंतर कसोट्या व मानसोपचार करतो. औषधयोजना त्याच्या कक्षेत येत नाही. मनोविकारतज्ज्ञ समाजसेवक व परिचारिका हे चमूचे अन्य घटक होत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध या पद्धतींतील संबंधित विषयाच्या पदव्युत्तर पदवीधारकांचाही मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश केला आहे. ‘समुपदेशक’ ही संज्ञा मात्र व्यवहारात फार सैलपणे वापरली जाते. म्हणून सल्ला देणाऱ्याची अर्हता व नोंदणी विचारणे हा रुग्णाचा रास्त हक्क समजावा.

कायदेशीर मानदंड : भारतात १८५८ व १९१२ च्या कायद्यांचा भर मनोरुग्णांच्या बंदिस्तीवर होता. महाराष्ट्रातील येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये त्या परंपरेतूनच उभी राहिली. सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारविभाग उघडण्याचा भारतातील एक आरंभीचा प्रयत्न मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी केला. १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने व त्याची जागा २०१७ च्या अधिनियमाने घेतली. २०१७ चा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आहे.

या अधिनियमाचे तिसरे कलम निदानाच्या दृष्टीने मूलभूत आहे. त्यानुसार मानसिक आजाराचे निर्धारण राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच करावयाचे असते. व्यक्तीची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, तिचा धर्म वा वंश, किंवा समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक मूल्यांशी तिचे न जुळणे, हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले वा रुग्णालयात राहिले, एवढ्यावरून आज आजार आहे असे ठरविता येत नाही. तसेच, मानसिक आजार असणे म्हणजे आपोआप विकल मनाचे ठरणे नव्हे. तो निर्णय सक्षम न्यायालयाचा असतो. संमतीवाचून रुग्णास दाखल करावयाचे झाल्यास एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा वैद्य यांनी त्यास स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते. अशा प्रवेशाची पहिली मुदत तीस दिवसांची असते व त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. न्यायालयात सादर केलेल्या मानसिक आजाराच्या पुराव्यास प्रतिपक्षाने आव्हान दिल्यास न्यायालय ते प्रकरण त्याच मंडळाकडे तपासणीसाठी पाठविते.

असे निर्बंध का लागतात, याचे उदाहरण सोव्हिएट रशियात मिळते. तेथे ‘मंदगती छिन्नमानस’ या निदानाचा आधार घेऊन राजकीय विरोधकांना मनोरुग्णालयांत डांबण्यात आले. जागतिक मनोविकारवैद्यक संघटनेने १९७७ मध्ये हवाई येथे व्यावसायिक नीतिसंहिता संमत केली. वाढत्या टीकेमुळे सोव्हिएट संघटनेने १९८३ मध्ये सदस्यत्व सोडले. समलैंगिकतेस अमेरिकन संघटनेने १९७३ मध्ये विकारांच्या यादीतून वगळले, हेही सामाजिक समजुती निदानात कशा शिरतात याचे द्योतक आहे.

कौटुंबिक वादांतही निदान हे शस्त्र होऊ शकते. हिंदू विवाह अधिनियमानुसार घटस्फोटासाठी मानसिक विकार ‘अशा प्रकारचा व इतक्या प्रमाणात’ असावा लागतो, की जोडीदाराने एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षा करता येऊ नये. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये विकाराच्या नावापेक्षा त्याच्या तीव्रतेस महत्त्व दिले. छिन्नमानसाचा शिक्का पुरेसा मानला नाही. मानसिक आजारामुळे येणारी अक्षमताही केवळ निदानावरून ठरत नाही. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व काम या क्षेत्रांतील कार्यक्षमता पाहून ती मोजतात.

ग्रामीण भागातील निदान : हे मानदंड ग्रामीण महाराष्ट्रात कोणत्या परिस्थितीत पाळावे लागतात, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. या तालुक्यातील लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. २००३ पासून ते प्रवरा अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. त्यामुळे मनोविकारविभागाची सोय तालुक्यातच उपलब्ध आहे. बहुतेक ग्रामीण तालुक्यांना ती नसते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि सोय जवळ असली, तरी रुग्ण प्रथम तज्ज्ञाकडे येतोच असे नाही. ‘मला अवसाद झाला आहे’, असे कोणी सांगत नाही. जीव घाबरा होतो, डोक्यात मुंग्या येतात, अंग दुखते, कशात मन लागत नाही, अशा शब्दांत तक्रार मांडली जाते. सामान्य वैद्याने या शब्दांमागील आजार ओळखला नाही, तर शक्तिवर्धक औषधे व सलाइन यांतच महिने जातात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम (१९८२) व पुढे १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला, तो यासाठीच.

बाहेरची बाधा वा करणी समजून देवऋषीकडे जाण्याची प्रथाही अनेक ठिकाणी आढळते. येथे निदानकर्त्याकडून दुहेरी विवेकाची अपेक्षा असते. जत्रेत वा पूजाप्रसंगी अंगात येणे, ही त्या समाजाने मान्य केलेली, प्रसंगापुरती व नंतर ओसरणारी अवस्था असेल, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो विकार ठरत नाही. तीच अवस्था अनिच्छेने, प्रसंगावाचून, वारंवार येऊन दैनंदिन जीवन विस्कळीत करीत असेल, तर तो विकार होय. श्रद्धेस आजार ठरविणे आणि आजारास श्रद्धा समजून सोडून देणे, हे दोन्ही निदानातील दोषच होत. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे वा मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये अपराध आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्या घटनेने या प्रथेची भीषणता देशासमोर आणली.

याच तालुक्यातील शिर्डी हे तीर्थक्षेत्र निदानाचा आणखी एक प्रश्न समोर आणते. देशभरातून यात्रेकरू येणाऱ्या अशा ठिकाणी घरापासून दुरावलेली, स्वतःचे नावगावही सांगू न शकणारी व्यक्ती आढळल्यास तिचा पूर्वेतिहास सांगणारे कोणी नसते. तिची भाषा वैद्यास अवगत नसेल, तर बोलणे असंबद्ध आहे की केवळ अपरिचित आहे, हेही कळत नाही. अशा वेळी दुभाषा मिळवून पुन्हा तपासणी करणे व तोवर निदान अनिश्चित ठेवणे हाच योग्य मार्ग होय. भटकणाऱ्या व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसणाऱ्या व्यक्तीस कोठडीत न ठेवता चोवीस तासांत नजीकच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत नेण्याची जबाबदारी २०१७ च्या अधिनियमाने पोलिसांवर टाकली आहे. अशा रुग्णांसाठी अहिल्यानगरजवळील शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ ही संस्था निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आश्रय देते. कर्जत (जि. रायगड) येथील केंद्रातून रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचविणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. उपचारांनंतर अनेक रुग्ण आपला पत्ता आठवून सांगतात. नावगाव नसणे हे आजाराचे लक्षण होते, व्यक्तीचे स्वरूप नव्हे, हे त्यावरून दिसते.

सद्यःस्थिती : बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०·६ टक्के प्रौढांत पाहणीच्या वेळी मनोविकार आढळला; त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्राचा त्या बारा राज्यांत समावेश नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. तिचा उपयोग सल्ला व मार्गदर्शनासाठी होतो. गंभीर विकाराच्या निदानास प्रत्यक्ष तपासणीच लागते.

आनुवंशिकी व मेंदूचे प्रतिमाचित्रण यांतील संशोधनातून निदानाची वस्तुनिष्ठ साधने मिळतील, अशी अपेक्षा आहे. तथापि प्रमुख मनोविकारांसाठी नित्य वापरता येईल अशी चाचणी त्यांतून अद्याप सिद्ध झालेली नाही. तोपर्यंत रुग्णास पुरेसा वेळ देणे, त्याच्या भाषेत ऐकणे, शारीरिक कारणे तपासणे, नोंदी ठेवणे, संदेह असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, रुग्णाची माहिती गुप्त राखणे व निदानाचा वापर उपचारापुरता मर्यादित ठेवणे, हेच या विद्याशाखेचे प्रमुख मानदंड राहतात.