कलावंताचा मुक्काम आणि देवळाची ओसरी

कलावंताला निवांतपणा लागतो, हे आपल्याकडे फार वेळा सांगितले जाते. हा निवांतपणा कोणाच्या घरात, कोणाच्या अन्नावर आणि कोणत्या अटीवर मिळतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ज्याला वडिलोपार्जित वाड्यात स्वतंत्र खोली आहे त्याला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. एकाच खोलीत सात माणसांसोबत राहणाऱ्या, रात्री सगळे झोपल्यावर दिव्याखाली चार ओळी लिहिणाऱ्या आमच्या कवीला तो रोज पडतो.

अलीकडे 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' हा शब्द आपल्या तरुणांच्या कानावर येऊ लागला आहे. एखादी संस्था लेखकाला, चित्रकाराला, गायकाला काही आठवडे वा महिने राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि कामाला खोली देते. त्याने तिथे राहून आपले काम करावे, एवढीच अपेक्षा असते. अमेरिकेतील मॅकडॉवेल ही अशी जुनी संस्था १९०७ साली सुरू झाली. जेम्स बाल्डविन हा निग्रो लेखक १९५४ साली तिथे राहिला होता. याच कल्पनेचा दुसरा प्रकार धर्मस्थळाच्या आवारात वाढला. मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथे बेनेडिक्टिन मठाच्या परिसरात १९६७ पासून अभ्यासकांना आणि लेखकांना मुक्कामाची सोय देणारी संस्था आहे. अशा ठिकाणी प्रार्थना, मौन आणि चिंतन हा दिनक्रमाचा भाग असतो. पाहुण्याने तोच धर्म पाळावा असा आग्रह नसतो, पण श्रद्धेविषयी स्नेह असावा अशी अपेक्षा असते. अशा मुक्कामाला आपण श्रद्धास्नेही कलावंतनिवास म्हणू.

दलित कलावंताने अशा ठिकाणी जावे काय? हा प्रश्न मला आमच्या भागातील लिहित्या-चितारत्या तरुणांनी विचारला आहे. 'धर्म ही अफू आहे, जाऊ नका' असे उत्तर देणे सोपे आहे. 'फुकट राहायला मिळते तर जा' हेही तितकेच सोपे आहे. ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून प्रस्तुत लेखात मी या मुक्कामाची घडण तपासणार आहे.

१. राळेगणचे देऊळ

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पाणलोटक्षेत्र विकासामुळे देशभर माहीत झालेले गाव. लष्करातील नोकरी संपवून अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले. त्यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांच्या पडझड झालेल्या मंदिराची दुरुस्ती केली आणि मंदिरातल्याच खोलीत मुक्काम ठेवला. पुढची सगळी हालचाल या मंदिरातून झाली. गावाच्या सभा, दारूबंदीच्या शपथा, श्रमदानाचे निर्णय यांना देवळाचे छप्पर मिळाले. देऊळ हे गावाचे चिंतनस्थळ झाले आणि तेच सत्तास्थानही झाले.

या गावाने दलितांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कर्जात बुडालेल्या दलित कुटुंबांची जमीन गावकऱ्यांनी श्रमदानाने कसून त्यांचे कर्ज फेडले. सामुदायिक विवाहात दलितांची लग्ने लागली. अस्पृश्यता पाळू नये असा आग्रह धरला गेला. कोरड्या गावात पाणी अडले, त्याचा लाभही झाला. हे सर्व मान्य करून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: या गावात नियम कोण करीत होते? दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारले जात असे. ही गोष्ट खुद्द हजारे यांनीही लपवून ठेवलेली नाही. मुकुल शर्मा यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. दलितांनी मांसाहार सोडणे हे त्यांच्या 'सुधारण्या'चे लक्षण मानले गेले. म्हणजे देवळाचा दरवाजा उघडला, पण आत येणाऱ्याने आपल्या घरची चूल बाहेर विझवून यावे, असा त्याचा अर्थ झाला.

राळेगणला कलावंतनिवास नाही. पण श्रद्धेच्या छपराखाली एकत्र राहण्याची अट कशी तयार होते, हे या गावाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. नगर जिल्ह्यातील गावोगावच्या हरिनाम सप्ताहातही हीच रचना लहान प्रमाणात आढळते. सप्ताह हा एका अर्थाने सात दिवसांचा कलावंतनिवासच आहे. कीर्तनकार, गायक, पखवाजवादक येतात, गाव त्यांना जेवू घालते, त्यांच्या मुक्कामाची सोय चांगल्या घरात होते. सांगतेच्या मिरवणुकीत हलगी वाजविणारा मांग कलावंत मात्र मी पाहिलेल्या सप्ताहांत कोणाच्या घरी मुक्कामाला नव्हता. तो वाजवायला येतो आणि वाजवून झाले की जातो. दोघेही कलावंत आहेत; एक पाहुणा आहे आणि दुसरा बलुतेदार. सातशे वर्षांपूर्वीच्या चोखामेळ्याची स्थिती याहून निराळी नव्हती. त्याचे अभंग वारीने स्वीकारले, त्याला स्वतःला देवळाबाहेर ठेवले. त्याची समाधीही पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेरच आहे. त्या देवळाचा दरवाजा उघडावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले.

२. मिरी ते पुणे

याच नगर जिल्ह्यात या विषयाचे दुसरे उदाहरण आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन धर्मगुरूने १९२२ साली मिरी येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. नगरला वास्तव्य केलेले कवी ना. वा. टिळक यांच्या विचारांचा विन्स्लोवर प्रभाव होता. त्यांचे चरित्रही त्याने लिहिले. गोऱ्यांनी आणि भारतीयांनी एकाच छपराखाली, एका पंगतीत, साधेपणाने राहावे आणि उपासना करावी, अशी त्याची कल्पना होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगर भागात उभा राहिला. १९३४ पासून तेथील काम ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने चालले.

या आश्रमात एक चित्रकार येऊन राहिला. त्याचे नाव आंजेलो द फोन्सेका. १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेतले. परत आल्यावर त्याने मेरीला साडी नेसवली आणि ख्रिस्ताचे चरित्र इथल्या माणसांच्या चेहऱ्यांतून, इथल्या अंगणातून रंगविले. गोव्यातील धर्मनिष्ठांना हे रुचले नाही. मेरी म्हणजे युरोपियन स्त्री, असे त्यांच्या मनात पक्के होते. फोन्सेका पुण्याला आला आणि अनेक वर्षे आश्रमात राहून चित्रे काढीत राहिला. तो रोमन कॅथलिक होता, आश्रम अँग्लिकनांचा होता. तरीही त्याला तिथे जागा मिळाली. १९६७ साली त्याचे पुण्यात निधन झाले. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. श्रद्धास्नेही निवासाने कलावंताला काय द्यावे, याचे हे चांगले उदाहरण आहे. स्वतःच्या धर्मबांधवांनी नाकारलेल्या चित्रकाराला दुसऱ्या पंथाच्या घराने ठेवून घेतले आणि त्याच्या ब्रशला हात लावला नाही.

पण येथेही आपला प्रश्न सुटत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज हा बहुसंख्येने महार-मांगांतून आलेला. तो ख्रिस्ताकडे गेला तो जातीच्या जाचातून सुटण्यासाठी. अशा समाजात काम करणाऱ्या धर्मगुरूंनी 'भारतीय' व्हायचे ठरविले तेव्हा त्यांच्यासमोर भारतीयत्वाचा नमुना कोणता होता? आश्रम, शाकाहार, संन्याशाचे साधेपण हाच होता. महारवाड्यातील उपासनेचे रूप, हलगीचा ठेका, आमच्या आयांच्या ओव्या या भारतीय नव्हत्या काय? युरोपची नक्कल टाळताना ब्राह्मणी संस्कृतीला 'भारतीय' म्हणून उचलणे ही त्या काळच्या आश्रम-चळवळीची मर्यादा होती. राळेगणच्या देवळात आणि पुण्याच्या आश्रमात श्रद्धा वेगवेगळ्या, पण शुद्धतेची कल्पना एकाच स्वयंपाकघरातून आलेली दिसते.

३. विहार आणि वसतिगृह

मग आपल्याजवळ काही वेगळी परंपरा आहे काय? आहे, आणि ती फार जुनी आहे. 'विहार' या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा असा आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भटकंती थांबवून एका ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम. भाजे, कार्ले, नाशिक, अजिंठा येथील लेण्यांतील लहान लहान खोल्या या मुक्कामासाठी आहेत. या निवासात ज्येष्ठता जन्मावर ठरत नव्हती. उपाली हा न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतला गेला, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. या निवासाने कवीही घडविले. थेरगाथेत सुनीत या सफाई करणाऱ्या भिक्षूच्या रचना आहेत. थेरीगाथेत पुण्णा ही पाणी भरणारी दासी नदीच्या थंड पाण्यात पापक्षालन करणाऱ्या ब्राह्मणाला उलट प्रश्न विचारते. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा घडविल्याची नोंद कोरलेली आहे. कारागिराचे नाव दरवाजावर आहे, ही गोष्ट आपल्या देशात लहान नाही.

या परंपरेचेही भाबडे गुणगान नको. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतात की भिक्षूंच्या निर्वाहासाठी राजांनी शेते आणि गावे दान दिली. त्या शेतांत राबणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. शिवाय ध्यानाचे प्रत्येक शिबिर म्हणजे कलावंतनिवास नव्हे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. तिथे शुल्क नाही, जात विचारली जात नाही. पण त्या दहा दिवसांत लिहिणे-वाचणेही मना आहे. मन तपासण्यासाठी ते योग्य असेल. कविता लिहिण्यासाठी ती जागा नव्हे.

माझ्या मते आपला खरा कलावंतनिवास वसतिगृह हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. खाट, भाकरी, दिवा आणि शेजारी वाचणारा मित्र या चार गोष्टी आमच्या पहिल्या शिकलेल्या पिढीला तिथे मिळाल्या. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघाले. पुढे बाबासाहेबांनी त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव दिले. तिथल्या वसतिगृहांत राहून शिकलेल्यांपैकी अनेकांनी दलित साहित्याची उभारणी केली. एका भिक्षूचे नाव असलेल्या वनात राहण्यासाठी कोणाला दीक्षा घ्यावी लागली नाही.

या नावांमागची कथा येथे महत्त्वाची आहे. मिलिंद राजाने नागसेनाला वादाला बोलाविले तेव्हा नागसेनाने अट घातली. राजा पंडितासारखा वाद करणार असेल तर मी बोलेन, राजासारखा करणार असेल तर नाही. कारण पंडिताचे म्हणणे खोडले तर तो रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतो. जागा देणारा आणि राहणारा यांच्या संबंधाची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

४. कसोट्या

तेव्हा श्रद्धास्नेही निवासाचे निमंत्रण आले तर आपल्या कलावंताने पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, दरवाजा. निवड करणारे कोण आहेत आणि त्यांत आपल्यासारखे कोणी आहे काय? एखाद्या दलिताला शोभेसाठी बोलावणे वेगळे आणि निवडीच्या अधिकारात वाटा देणे वेगळे.

दुसरी, स्वयंपाकघर. सगळे शाकाहारी जेवतात, ही सोय असू शकते. पण मांसाहार हा अशुद्ध आहे असे मानले जात असेल, तर त्या घरात आपल्या आईला अशुद्ध मानले जाते, हे ओळखावे.

तिसरी, झाडू. आश्रमात श्रमाला पूजा म्हणतात. संडास कोण धुतो, भांडी कोण घासतो, हे पाहावे. ही कामे सर्वांच्या वाट्याला पाळीपाळीने येत असतील तर आपणही आनंदाने करावीत. ती ठरावीक आडनावांच्याच माणसांकडे असतील तर ती पूजा नव्हे, जुनेच गावकाम होय.

चौथी, मौन. आमच्या समाजावर शतकानुशतके मौन लादले गेले. म्हणून शांततेचा उपदेश ऐकताना आमचा माणूस सावध होतो, आणि ते स्वाभाविक आहे. स्वतःहून घेतलेले मौन मात्र वेगळे असते. कारखान्याचा भोंगा, वस्तीतले नळावरचे भांडण, घरची देणी यांपासून महिनाभर दूर बसून स्वतःच्या अनुभवाकडे शांतपणे पाहणे, हा आमच्या लेखकाचाही हक्क आहे. आक्रोशातून उत्तम कविता निघते. पण तीनशे पानांची कादंबरी लिहायला वेळ आणि टेबलही लागते. मौन सोडून केव्हाही बोलता येईल, एवढी खात्री मात्र हवी.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, निर्मिती. त्या घराच्या देवाला, त्याच्या ग्रंथाला, त्याच्या महंताला प्रश्न विचारणारे चित्र तिथे काढता येईल काय? काढले तर भिंतीवर लागेल काय? उत्तर 'नाही' असेल तर तिथला स्नेह श्रद्धेशी आहे, कलावंताशी नाही.

या पाच कसोट्यांना उतरणारे घर मंदिराचे असो, चर्चचे असो, दर्ग्याचे असो वा विहाराचे, तिथे जायला हरकत नाही. न उतरणारे घर आपल्याच विहाराचे असले तरी तिथे हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुसऱ्यांच्या दारात कसोटी घेऊन उभे राहायचे आणि आपल्या दारात मुकाट्याने हात जोडायचे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नाही.

आता कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक सूचना. महाराष्ट्रात खेडोपाडी समाजाच्या वर्गणीतून बांधलेली विहारे आहेत. त्यांतली अनेक वंदना, जयंती आणि सभा सोडून इतर दिवशी कुलुपात असतात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत अशा एखाद्या विहारात एका शाहिराला, एका चित्रकाराला किंवा आत्मकथन लिहू पाहणाऱ्या एका बाईला राहू द्यावे. एक चटई, एक दिवा, एक टेबल, आणि घराघरातून पाळीने येणारा डबा एवढ्यावर ते भागेल. बाईला मुक्काम द्यायचा असेल तर वस्तीतल्या बायांनीच तिची व्यवस्था हाती घ्यावी. मोबदल्यात आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या मुलांसाठी मागावी. लिहिलेल्या मजकुरावर मात्र विहार समितीने हक्क सांगू नये. येत्या आषाढी पौर्णिमेला दहा विहारांनी जरी हे केले तरी तीन महिन्यांनी दहा कलावंतांच्या हाती काही पूर्ण झालेले असेल.