अडखळणारे चित्र आणि निरपराध पडदा

संगमनेरात १९८३ साली अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या हा या गावच्या राहणीचा एक भाग होऊन बसला आहे. आणि त्या खोल्यांतून पूर्वी जेथे ड्रॉइंग बोर्ड नि टी-स्क्वेअर दिसत, तेथे आता सुटे भाग जमवून जोडलेला संगणक आणि त्यापुढे एखादा १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर दिसू लागला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल वाटते ते त्या मॉनिटरविषयी दिल्या जाणाऱ्या निवाड्यांचे. पैसे साठवून मॉनिटर घ्यावा, व्हीआरआर नावाची, चित्रांच्या आगमनाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय मोठ्या आशेने चालू करावी, कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे त्याचा, आकडा नव्वदीच्या घरात खेळत असावा, आणि तरीही ऐन धुमश्चक्रीत गेमने क्षणभर अटकावे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर फैसला देणारे पंचही खोलीगणिक तयार झाले आहेत. कोणी म्हणतो, मॉनिटरच डिफेक्टिव्ह आहे, बदलून घे. कोणी म्हणतो, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. आणि ज्याला काहीच सुचत नाही तो 'विंडोज फॉरमॅट मार' असा हुकूम सोडून मोकळा होतो. या फैसल्यांत साक्षीपुरावा सहसा तपासलेला नसतो, आणि ज्याची बाजू कोणीच ऐकून घेत नाही तो पडदा बहुधा निरपराध असतो.

मूळ व्यवस्था काय आहे ती आधी पाहू. साधा मॉनिटर आपले चित्र ठरलेल्या कालांतराने नवे करतो; तो ६० हर्ट्‌झचा असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ हर्ट्‌झचा असेल तर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. ग्राफिक्स कार्डाला मात्र प्रत्येक चित्र तयार करण्यास सारखाच वेळ लागत नाही. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले तर काम थोडके, बाजारपेठेत शिरले तर पुष्कळ. आता संगमनेरच्या बसस्थानकावरून ठरल्या वेळी सुटणारी एसटी आणि सवाऱ्या भरल्या म्हणजे सुटणारी शेजारच्या अकोल्याची काळी-पिवळी जीप या दोहोंतला जो भेद, तोच साध्या मॉनिटरात आणि व्हीआरआरच्या मॉनिटरात आहे. व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या ठरल्या क्षणीच बदलण्याची सोय) लावलेल्या साध्या ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एखादे चित्र १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झाले की त्याची गाडी चुकते आणि ते ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत तिष्ठत राहते. व्ही-सिंक काढले तर अर्धे जुने नि अर्धे नवे चित्र एकदमच पडद्यावर येऊन ते मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते. व्हीआरआरमध्ये मॉनिटर दोन चित्रांमधला आपला विश्रांतीचा अवकाश लांबवतो आणि नवे चित्र हाती आले की तत्काळ ते दाखवतो. परंतु सवाऱ्याच आल्या नाहीत, तर काळी-पिवळी सुटणार केव्हा?

या प्रश्नातच पहिल्या आणि सर्वांत दृढमूल गैरसमजाचे उत्तर आहे. व्हीआरआर चालू केले म्हणजे अडखळणे संपले, ही ती समजूत. वस्तुतः व्हीआरआर हा फक्त चित्र दाखवण्याच्या वेळेचा बंदोबस्त आहे. चित्र तयार होण्यास झालेल्या विलंबाची भरपाई करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. समजा, एका सेकंदात ९० चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाली आणि एकच चित्र १०० मिलिसेकंद रेंगाळले. हिशेब बरोबर एक सेकंदाचा होतो आणि कोपऱ्यातला आकडा ऐटीत ९१ दाखवतो; पण त्या सेकंदाचा दहावा हिस्सा डोळ्यांपुढे एकच चित्र गोठून राहिलेले असते. सरासरी हा मोठा सोयीचा आणि मोठा लबाड आकडा आहे. सबब तक्रारीचा तपास करायचा तर एफपीएसकडे न पाहता प्रत्येक चित्राला किती वेळ लागला त्याचा, म्हणजे फ्रेमटाइमचा, आलेख पाहावा. प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स ही साधने त्याकरिता विनामूल्य मिळतात. आलेखाची रेघ सपाट असेल तर सारे ठीक; तिच्यातून मधूनमधून उंच सुळके निघत असतील तर त्यांची जबाबदारी मॉनिटरवर टाकता येत नाही. पडद्याचा दोष आहे की नाही याची रुजवात करण्याचा याहून सोपा मार्गही आहे: व्हीआरआर बंद करून गेममधला तोच तुकडा पुन्हा खेळावा, आणि अडखळणे त्याच जागी, तितकेच कायम राहिले, तर व्हीआरआरची निर्दोष मुक्तता करावी.

मग हे सुळके येतात कोठून? अलीकडच्या पुष्कळ गेममध्ये, विशेषतः डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या गेममध्ये, प्रकाश, धूर, पाणी यांच्या गणिताचे शेडर नावाचे छोटे कार्यक्रम ऐन वेळी आपल्या ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत उतरवले जातात. पहिला स्फोट, पहिला पाऊस, पहिले दार उघडणे अशा क्षणी ते काम अंगावर येते आणि चित्र थबकते. याची खूण अशी की त्याच वाटेने दुसऱ्यांदा गेले असता अडखळणे नाहीसे होते. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर पूर्वी उतरवून साठवलेल्या शेडरांचा संचय बहुधा रद्द होतो, आणि मग काल सुरळीत चाललेला गेम आज पुन्हा अटकू लागतो. त्यावरून 'नव्या ड्रायव्हरने वाट लावली' असा जो बोभाटा होतो तो बरेचदा अर्धसत्य असतो. दुसरे कारण अधिक मामुली आणि आपल्याकडे अधिक आढळणारे. काटकसरीने जोडलेल्या संगणकात रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच पट्टी बसवलेली असते. स्मृतीकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे निम्म्या रुंदीचा राहतो, आणि सरासरी फारशी न घसरताही हळू चित्रांचे प्रमाण वाढते. महागडा मॉनिटर घेऊन रॅममध्ये हात आखडता घेणे हा व्यवहार मला तरी कधी उमगलेला नाही.

अधिक हर्ट्‌झचा मॉनिटर घेतल्याने अडखळणे कमी होते, हाही असाच एक भ्रम. हर्ट्‌झ ही कमाल मर्यादा आहे. ग्राफिक्स कार्ड जर ७० चित्रेच देत असेल तर २४० हर्ट्‌झचा पडदा त्याची २४० करू शकत नाही.

याचा अर्थ व्हीआरआरच्या हातून कधीच काही बिघडत नाही असा मात्र नव्हे, आणि येथे थोडे सावकाश जाणे इष्ट. प्रत्येक मॉनिटरची व्हीआरआर चालण्याची एक हद्द असते, उदाहरणार्थ ४८ ते १४४ हर्ट्‌झ. चित्रांचा वेग ४८ च्या खाली गेला की मॉनिटर एकच चित्र दोनदा दाखवून हद्दीत राहतो. ४० चित्रे येत असतील तर तो ८० हर्ट्‌झवर चालतो. पण ही दुप्पट करण्याची सोय साधायची तर वरची हद्द खालच्या हद्दीच्या निदान दुप्पट हवी. स्वस्त मॉनिटरांपैकी ज्यांची हद्द ४८ ते ७५ इतकी आखूड आहे, त्यांच्यात ४५ चित्रांवर येताच व्हीआरआर हात टेकते आणि जुन्या व्ही-सिंकचा अंमल पुन्हा सुरू होतो. ग्राहकाने खोक्यावर व्हीआरआरचे 'फ्रीसिंक' हे नाव वाचलेले असते, हद्दीचा तपशील वाचलेला नसतो.

हद्दीच्या तळाशी आणखी एक उपद्रव संभवतो, आणि त्यालाच पुष्कळ जण चुकून अडखळणे म्हणतात. गेम ४७ आणि ४९ यांच्या दरम्यान हिंदकळत असला की मॉनिटरचा वेग एकदा पन्नाशीच्या आसपास आणि एकदा नव्वदीच्या वर, अशा उड्या मारू लागतो. व्हीए आणि ओलेड जातीच्या पडद्यांत करड्या छटांची उजळता वेगाबरोबर किंचित बदलते. त्यामुळे अंधाऱ्या गुहेत वा गेम लोड होत असताना चित्र थरथरते, उजेड क्षीण-प्रखर होत राहतो. हे लुकलुकणे आहे, गतीचा खंड नव्हे. फ्रेमटाइमच्या सुळक्यांशी त्याची गल्लत केली तर उपायही चुकतात. यावर उपाय म्हणजे ग्राफिक्सचा दर्जा थोडा उतरवून चित्रांचा वेग तळापासून दूर, स्थिर राखणे. तेही न साधले तर त्या एका गेमपुरते व्हीआरआर खुशाल बंद करावे. त्यात अप्रतिष्ठा काहीच नाही.

वरच्या हद्दीची कथा निराळी. जी-सिंक हे एनव्हिडियाच्या व्हीआरआरचे नाव. 'जी-सिंक लावले की व्ही-सिंक बंदच पाहिजे' असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आढळतात. परंतु चित्रांचा वेग १४४ च्या पलीकडे गेला की व्हीआरआरला लांबवण्यासारखा अवकाशच उरत नाही. मग व्ही-सिंक असेल तर चित्रे रांगेत अडकून माऊसचा प्रतिसाद मंदावतो, नसेल तर चित्र फाटते. म्हणून एनव्हिडियाच्या कार्डांवर जाणकारांचा शिरस्ता असा की व्ही-सिंक गेममध्ये बंद ठेवावे, ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये चालू करावे, आणि चित्रांचा वेग हद्दीच्या किंचित खाली, १४४ च्या मॉनिटरवर १४१ च्या आसपास, रोखून धरावा. माऊसचा प्रतिसाद जलद करणारी रिफ्लेक्स ही सोय असलेल्या गेममध्ये तर ती स्वतःच हा वेग १३८ वर मुकर्रर करते. ते पाहून 'माझे सहा एफपीएस कोणी खाल्ले?' अशी हाकाटी करण्याचे प्रयोजन नाही.

सर्वांत हास्यास्पद, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत शेवटी सुचणारी शक्यता ही की व्हीआरआर मुळी चालूच नसते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ही सोय बंद ठेवलेली असू शकते. विंडोजमध्ये १४४ चा मॉनिटर बिनदिक्कत ६० वर चालत राहू शकतो. आणि केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या सॉकेटात खोचलेली असली, तर कार्डाने केलेले प्रत्येक चित्र आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे आणि तेथून पडद्याकडे असे वळसे घेत जाते. याची खात्री करण्याचे साधन पडद्याखालच्या बटणातच असते. बहुतेक गेमिंग मॉनिटरांच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवण्याची सोय आहे. ती लावून गेममध्ये थोडे फिरावे. तो आकडा ८३, ९१, ७८ असा एफपीएसच्या मागोमाग नाचत असेल तर व्हीआरआर जिवंत आहे. तो १४४ वर खिळ्यासारखा ठोकलेला राहिला तर कोठेतरी दुवा तुटलेला आहे. उलट साध्या डेस्कटॉपवर माऊस हलवतानाही तो आकडा खाली-वर होऊ लागला, तर विंडोमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही जी-सिंक लागू झालेले असते. ते फक्त पूर्ण पडद्यापुरते मर्यादित केले म्हणजे खिडक्या सरकवतानाचे अडखळणे पुष्कळदा थांबते. फ्रीसिंकचा मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डावर चालत नाही, ही समजूतही आता मुदतबाह्य झाली. २०१३ च्या ऑक्टोबरात आलेल्या जी-सिंकला मॉनिटरात वेगळा भाग बसवावा लागे. २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्टच्या मानकातच ही सोय समाविष्ट झाली, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियानेही ती मान्य केली.

राहता राहिला विजेचा मुद्दा. शेतीपंप सुरू झाले की दिवे मंदावतात हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याने गेमच्या अडखळण्याचा दोष व्होल्टेजला दिला तर ते स्वाभाविक आहे. पण संगणकाचा एसएमपीएस बाहेरच्या विजेचे स्थिर डीसी विजेत रूपांतर करतो, आणि ते त्याला जमले नाही तर संगणक बंद पडतो वा पुन्हा सुरू होतो, गोगलगाय होऊन चालत नाही. विजेच्या ५० हर्ट्‌झचा आणि मॉनिटरच्या हर्ट्‌झचा तर आज काडीमात्र संबंध नाही. एके काळी तो होता, हे खरे; पण तोही पहिल्यापासून नव्हे. संगमनेरच्या वायव्येस नाशकात ज्या दादासाहेब फाळके यांनी आपला चित्रपटाचा संसार थाटला, त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हाताने दांडा फिरवून चालणाऱ्या कॅमेऱ्यावर उतरला होता. चित्रांचा वेग तेव्हा माणसाच्या मनगटावर अवलंबून असे, आणि त्या अर्थी बदलता वेग ही काही एकविसाव्या शतकाची मिरास नव्हे. पुढे चित्रपट बोलू लागले, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला, आणि आवाज बेसूर होऊ नये म्हणून वेग सेकंदाला २४ चित्रांवर बांधला गेला. दूरदर्शनने मात्र आपला ताल विजेच्या ५० आवर्तनांशी जुळवला. तेथे २४ चा चित्रपट २५ च्या वेगाने चालवावा लागे, आणि गाणी नकळत थोडी वरच्या पट्टीत जात.

याच २४ च्या आकड्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर चित्रपट लावला की २४ ने ६० ला निःशेष भाग जात नाही. म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा, म्हणजे एक ५० मिलिसेकंद आणि एक ३३.३ मिलिसेकंद, असे दाखवले जाते, आणि कॅमेरा आडवा सरकताना दृश्याला बारीक हिसके बसतात. कार्ड बदलून हे जाणार नाही. मॉनिटर १२० किंवा १४४ वर ठेवला तर प्रत्येक चित्र सारखेच पाचदा किंवा सहादा दाखवले जाऊन तो हिसका नाहीसा होतो.

वीज निर्दोष ठरली तरी ऋतूला सोडून चालणार नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीकडे सरकला की पत्र्याच्या छताखालच्या खोलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप अर्ध्या तासात तापतो, आणि प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवतो. सुरुवातीची वीस मिनिटे सपाट असलेल्या आलेखावर मग सुळके उगवू लागतात. चार्जर काढून खेळल्यास तर ते पहिल्या मिनिटापासूनच दिसू शकतात. अशा वेळी मॉनिटर परत करण्यासाठी दुकानाची पायरी चढण्याआधी लॅपटॉप टेबलावर उचलून ठेवावा, पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ ब्रशने काढावी, चार्जर लावावा, आणि तोच तुकडा त्याच वेळेइतका पुन्हा खेळून आलेखाशी ताडून पाहावा.