सार्वजनिक औद्योगिक भूमीचे भाडेपट्टे

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा त्यांनी स्थापन केलेली महामंडळे यांच्या मालकीची जमीन कारखाने, कर्मशाळा, गुदामे इत्यादींसाठी ठराविक मुदतीने व ठराविक मोबदल्यात उद्योजकांना वापरावयास देण्याचे करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क तेवढा पट्टेदाराकडे जातो. स्वामित्व पट्टा देणाऱ्याकडेच राहते. पट्टा देणारी संस्था सार्वजनिक असल्यास हे स्वामित्व अंतिमतः लोकांचे असते. त्यामुळे भाडेपट्ट्याच्या अटी हा केवळ संस्था व उद्योजक यांच्यातील खासगी व्यवहार राहत नाही, तर तो परिसरातील रहिवाशांच्याही हिताचा प्रश्न ठरतो.

जमीन विकण्याऐवजी पट्ट्याने देण्यामागे दोन प्रमुख हेतू असतात. उद्योजकाचे भांडवल जमीनखरेदीत अडकून न पडता यंत्रसामग्रीसाठी उपलब्ध व्हावे, हा पहिला हेतू होय. रस्ते, पाणी, वीज इ. सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेल्या सोयींमुळे जमिनीची जी मूल्यवृद्धी होते, तिचा लाभ समाजास मिळावा, हा दुसरा. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या औद्योगिक क्षेत्रांतील भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. अशा दीर्घ मुदतीच्या पट्ट्यात प्रारंभी एकरकमी अधिमूल्य घेतले जाते व वार्षिक भाडे नाममात्र असते. मुदत जितकी दीर्घ व भाडे जितके नाममात्र, तितका पट्टा विक्रीच्या जवळ जातो आणि सार्वजनिक मालकी कागदापुरती उरण्याचा संभव वाढतो. म्हणून करारातील पुढील अटींना विशेष महत्त्व असते : बांधकाम व उत्पादन सुरू करण्याची कालमर्यादा, जमिनीच्या वापराचा प्रकार, हस्तांतरणास पूर्वपरवानगी व त्याबद्दलचे शुल्क, भाड्याचे ठराविक काळाने पुनर्निर्धारण आणि अटींचा भंग झाल्यास जमीन परत घेण्याचा अधिकार. या अटी शिथिल असल्या किंवा अंमलात आणल्या गेल्या नाहीत, तर भूखंड वर्षानुवर्षे पडीक राहतात आणि उद्योगासाठी घेतलेली जमीन नफ्याने हस्तांतरित करण्याची वस्तू बनते.

स्थानिक जनतेचा संबंध अनेक प्रकारे येतो. औद्योगिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांची जमीन सार्वजनिक प्रयोजन म्हणून संपादन केलेली असल्यास, ते प्रयोजन पुढे खरोखर साधले जाते की नाही, हे जाणून घेण्याचा त्यांचा नैतिक अधिकार असतो. पट्ट्यापासून मिळणारे उत्पन्न संस्थेच्या कोषात जमा होते; ते कमी आल्यास नागरी सेवांवर परिणाम होतो. शिवाय रोजगार मिळण्याची आशा, तसेच धूर, सांडपाणी व पाण्याची टंचाई यांचा भार हे दोन्ही परिसरातील लोकांच्याच वाट्याला येतात.

या हिताचे रक्षण करण्यासाठी कायद्यांत काही तरतुदी आहेत. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम ७९ नुसार महानगरपालिकेची स्थावर मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात विकता वा पट्ट्याने देता येत नाही. इंग्लंडमध्येही १९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या कलम १२३ अन्वये, अल्प मुदतीचे पट्टे वगळता, शासनाच्या संमतीवाचून सर्वोत्तम मोबदल्यापेक्षा कमी किंमतीत जमीन देता येत नाही. सार्वजनिक संपत्तीचे वाटप मनमानीने करता येणार नाही, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मधील रमण दयाराम शेट्टी खटल्यात प्रतिपादिले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे करारांच्या प्रती मागणे नागरिकांना शक्य झाले. व्यापारी गुपिताच्या कारणावरून माहिती नाकारता येत असली, तरी व्यापक लोकहितासाठी ती द्यावी लागते.

लोकहित व भूमिवाटप यांतील संघर्षाचे ठळक उदाहरण गोव्यात आढळते. तेथील गावकरी संस्थांमध्ये सामाईक शेतजमिनी ठराविक मुदतीसाठी लिलावाने कसावयास देण्याची जुनी परंपरा आहे. त्याच प्रदेशात २००६ मध्ये गोवा औद्योगिक विकास महामंडळाने सु. ३८ लाख चौ. मी. जमीन विशेष आर्थिक क्षेत्रांच्या सात प्रवर्तकांना दिली. पाणी, वीज, लोकवस्तीवरील ताण आणि वाटपाची पद्धत यांबद्दल ग्रामस्थांत असंतोष पसरला व राज्यभर आंदोलन झाले. २००७ च्या अखेरीस राज्य शासनाला विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण मागे घेण्याची घोषणा करावी लागली. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे भूमिवाटप रद्द ठरविले. प्रवर्तकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अखेर २०१८ मध्ये प्रवर्तकांनी भरलेल्या रकमा व्याजासह परत करण्याच्या तडजोडीने जमीन महामंडळाकडे परत आली. मधल्या सु. बारा वर्षांत या जमिनीचा मोठा भाग ना उद्योगाच्या, ना गावाच्या उपयोगी पडला आणि व्याजाचा बोजा सार्वजनिक कोषावर पडला.

वाटपाची माहिती आधी मिळाली असती व हरकती ऐकल्या गेल्या असत्या, तर यातील बरीच हानी टळू शकली असती. यासाठी उपलब्ध भूखंडांची व पट्टेदारांची नोंदवही लोकांना पाहण्यास खुली ठेवणे, जाहीर निविदा किंवा लिलाव, अटींबाबत हरकती व सूचना मागविणे, ग्रामसभेत वा महानगरपालिकेच्या सभेत चर्चा करणे आणि अटींच्या पालनाची वार्षिक तपासणी हे उपाय उपयुक्त ठरतात. अशा पद्धतीने निर्णयास काहीसा विलंब लागतो. तथापि उद्योजकालाही आपला पट्टा पुढे न्यायालयात टिकेल, अशी शाश्वती त्यामुळेच लाभते.