विश्लेषण : ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, सेव्हरम... मोठे सिक्लिड मासे एकाच टँकमध्ये नांदतील का?

दुकानात दोन इंचांचे गोंडस पिल्लू म्हणून घेतलेला ऑस्कर वर्ष-दीड वर्षात फुटाच्या जवळ पोहोचतो आणि मग टँकमधील इतर मासे एकेक करून दिसेनासे होतात. उल्हासनगर कॅम्प नं. ३ सारख्या दाट वस्तीत, जिथे घरातील प्रत्येक फूट जागेचा हिशेब असतो, तिथे हा प्रश्न केवळ हौसेपुरता राहत नाही. कोणता मासा कोणासोबत ठेवावा, त्यासाठी किती पाणी लागते, टँकचे वजन किती भरते आणि मासा नकोसा झाल्यास काय करावे, याचा हा आढावा.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

सिक्लिड हे गोड्या पाण्यातील माशांचे एक मोठे कुळ आहे. त्यात दीड हजारांहून अधिक प्रजातींची नोंद असून बहुतांश आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. एंजलफिश आणि डिस्कस हेही याच कुळातले. भारतात मूळच्या सिक्लिडच्या केवळ तीन प्रजाती आहेत. त्यातील एक केरळमध्ये ‘करीमीन’, तर गोव्यात ‘कालुंदर’ म्हणून ताटात येते. महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेला सिक्लिड मात्र परदेशी आहे. भिगवण-इंदापूर भागात मिळणारी ‘चिलापी’ म्हणजेच तिलापिया, ही याच कुळातली. अंडी आणि पिल्लांची राखण करणे व त्यासाठी आपली हद्द आखून ती लढून टिकवणे, हे या कुळाचे वैशिष्ट्य. टँकमधील बहुतेक भांडणांचे मूळ या स्वभावातच असते.

हे मासे एकमेकांवर हल्ला का करतात?

कारणे मुख्यतः तीन. पहिले भूक : जो मासा तोंडात मावतो, तो सिक्लिडसाठी खाद्य असतो. ऑस्करसोबत गप्पी किंवा निऑन टेट्रा ठेवले तर ते फार दिवस टिकत नाहीत. दुसरे हद्द : एक कोपरा, एखादा दगड किंवा कुंडी मासा आपली मानतो आणि तिथे फिरकणाऱ्याला हुसकावतो. नदीत हरलेला मासा पळून जातो, चार फुटांच्या काचपेटीत पळायला जागा नसते. तिसरे प्रजनन : नर-मादीची जोडी जमली की शांत मासेही अर्धा टँक ताब्यात घेतात. सारखा रंग आणि सारखा आकार असलेल्या माशाला प्रतिस्पर्धी समजले जाते, त्यामुळे एकाच जातीचे दोन नर ठेवणे बहुधा अंगाशी येते.

कोणाची सोबत कोणाशी जमते?

निवड करताना दुकानातील आकार नव्हे, तर पूर्ण वाढीचा आकार, मूळ प्रदेश आणि स्वभाव पाहावा. दक्षिण अमेरिकेतील ऑस्कर सुमारे बारा इंचांपर्यंत वाढतो. मोठ्या सिक्लिडमध्ये तो तुलनेने शांत मानला जातो. सुमारे आठ इंचांचा सेव्हरम त्याच प्रदेशातला आणि नरम स्वभावाचा, त्यामुळे पुरेशी जागा असल्यास या दोघांचे जमते. चपट्या, चंदेरी सिल्व्हर डॉलरचा थवाही त्यांच्यासोबत राहू शकतो. ग्रीन टेरर आणि जॅक डेम्प्सी मध्यम आकाराचे, पण तापट. मुष्टियोद्ध्यावरून मिळालेले नाव जॅक डेम्प्सीला शोभते. रेड डेव्हिल आणि जॅग्वार सिक्लिड यांना सोबती न देणेच शहाणपणाचे.

‘शुभ’ म्हणून घरोघरी पोहोचलेला फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासाच नाही. मध्य अमेरिकी सिक्लिडच्या संकरातून १९९० च्या दशकात मलेशियात तो तयार करण्यात आला. तो एकटाच ठेवावा. ब्लड पॅरट हाही संकरित मासा. त्याचे तोंड नीट मिटत नाही, त्यामुळे भांडणात तो चावा घेऊ शकत नाही आणि खाण्याच्या स्पर्धेतही मागे पडतो. त्याला तापट माशांसोबत ठेवणे म्हणजे त्याचा छळच. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील फ्रंटोसाला क्षारयुक्त, जड पाणी लागते, तर अॅमेझॉनच्या माशांना मऊ पाणी मानवते. म्हणून रंग जुळतात म्हणून या दोघांना एकत्र ठेवू नये.

किती मोठा टँक लागतो?

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. त्यात कोणताही मोठा सिक्लिड कायमचा राहू शकत नाही. चार बाय दीड बाय दीड फुटाच्या टँकमध्ये सुमारे अडीचशे लिटर पाणी बसते. एवढ्या जागेत एक ऑस्कर, किंवा एक फ्लॉवरहॉर्न, किंवा एका सेव्हरमसोबत दोन-तीन ब्लड पॅरट, असा एकच पर्याय निवडावा. ऑस्करची जोडी, सेव्हरम आणि सिल्व्हर डॉलर असा संसार मांडायचा तर सहा बाय दोन बाय दोन फुटांचा, म्हणजे साडेसहाशे लिटरहून मोठा टँक हवा.

वजनाचा मुद्दा उल्हासनगरात महत्त्वाचा का?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चार फुटांच्या टँकचे पाणी, काच, रेती आणि लोखंडी स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास जाते आणि तेही जेमतेम सहा चौरस फुटांवर. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले होते. त्यामुळे जुन्या इमारतीत, गळती असलेल्या किंवा सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर असा टँक ठेवूच नये. इतरत्र तो भिंतीला लागून, बीमजवळ ठेवावा, खोलीच्या मध्यभागी नको. सहा फुटांच्या टँकसाठी तळमजला किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला, हे दोनच मार्ग.

पाण्याचे गणित कसे सांभाळावे?

मोठा मासा जास्त खातो आणि पाणी लवकर खराब करतो. त्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. टँक आणला त्याच दिवशी मासे सोडले की आठवडाभरात ते दगावतात, त्याचे कारण बहुधा हेच. नायट्रेट कमी ठेवण्यासाठी दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे लागते. अडीचशे लिटरच्या टँकसाठी ते चार बादल्यांच्या आसपास भरते. शहराला एमआयडीसीकडून येणारे पाणी क्लोरिन घातलेले असते. ते एअर पंप लावून दिवसभर साठवून ठेवावे किंवा अँटी-क्लोरिन वापरावे. पाणीकपातीच्या आठवड्यात एवढ्या बादल्या शिल्लक राहतील का, याचा विचार मासा घेण्यापूर्वी करावा. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

मासे सोडताना काय काळजी घ्यावी?

कुर्ल्याच्या बाजारातून लोकलने आणलेली ऑक्सिजनची पिशवी आधी वीस मिनिटे टँकच्या पाण्यात तरंगत ठेवावी आणि मग टँकचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळावे. सगळे मासे साधारण एकाच आकाराचे आणि शक्यतो एकाच दिवशी सोडावेत. नंतर नवा मासा आणायचा झाल्यास दगड-कुंड्यांची जागा आधी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. एकमेकांच्या नजरेआड होता येईल असे आडोसे ठेवावेत. फाटलेले पर, कोपऱ्यात पाण्याच्या वर दडून राहणे, खाणे सोडणे ही छळाची लक्षणे. ती दिसताच टँकमध्ये जाळीचा पडदा घालून मासे वेगळे करावेत. ‘जमेल हळूहळू’ म्हणून वाट पाहिल्यास सकाळी एक मासा कमी झालेला असतो.

मासा नकोसा झाल्यास नदीत सोडावा का?

कदापि नाही. वालधुनी असो, उल्हास असो की गावाकडचा तलाव, ‘जीव वाचवला’ असे समजून सोडलेला मासा एक तर प्रदूषणाने तडफडून मरतो किंवा तगून स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. १९५२ मध्ये मत्स्यपालनासाठी भारतात आणलेली मोझांबिक तिलापिया आज देशभरातील जलाशयांत पसरली आहे आणि उजनीत जाळ्यात चिलापीच मोठ्या प्रमाणावर येते. सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न मलेशिया आणि सिंगापूरच्या जलाशयांत वाढू लागले. पोट भरण्यासाठी आणलेल्या माशाची ही गत, तर हौसेच्या माशाची वेगळी कशी असेल?

म्हणून मासा घेण्यापूर्वीच ‘मोठा झाल्यावर परत घेणार का’ असे दुकानदाराला विचारावे आणि मोठा टँक असलेल्या एखाद्या हौशी मत्स्यपालकाशी ओळख ठेवावी. ऑस्कर नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. मालकाला ओळखणारा, खाणे देणाऱ्या हाताकडे झेपावणारा एकच मासा चार फुटांच्या टँकमध्ये जी मजा देतो, ती एकमेकांना ओरबाडणाऱ्या पाच माशांत नसते. छोट्या घरातील मोठ्या सिक्लिडसाठी योग्य सोबती अनेकदा ‘कोणीही नाही’ हाच असतो.