मोटारसायकलचे लायसन : मोठ्या वयात परीक्षा देणाऱ्यांसाठी



डेअरीला दूध घालायचं असो, तालुक्याहून खताची गोणी आणायची असो, की रात्री लाइट आली म्हणून मोटर चालू करायला मळ्यात जायचं असो, आज मोटारसायकलवाचून आपलं पान हलत नाही. गाडी बहुतेकांना चालवता येते. कुणी भावाच्या गाडीवर शिकला, कुणी मुलाच्या. पण "लायसन आहे का?" असं विचारलं की बरेच जण खाली बघतात. "आता या वयात कसली परीक्षा? चार पोरांसमोर पाय टेकला तर हसं होईल," ही त्यामागची खरी अडचण. या पत्रकात ही परीक्षा काय असते आणि घरच्या घरी तिची तयारी कशी करावी, ते सांगत आहोत.

लायसन कशासाठी?

पोलिसांच्या दंडापुरता हा विषय नाही. दंड आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना गाडी चालवल्यास ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बिगरलायसनच्या माणसाला गाडी देणारा मालकही दोषी धरला जातो.

पण खरा धोका पुढे आहे. समजा, तुमच्या गाडीची धडक बसून कुणी जायबंदी झाला आणि तुमच्याकडे लायसन नाही. अशा वेळी विमा कंपनी जखमीला भरपाई देते, पण तीच रक्कम मागाहून गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय कंपनीला देऊ शकते. ही रक्कम काही लाखांतही जाते. विम्याचा हप्ता वेळेवर भरला, पण लायसन काढलं नाही, म्हणून जमीन विकायची पाळी यावी, हे शहाणपणाचं नाही. तसंच गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपयांची मदत मिळते. गाडी चालवताना रस्त्यावर अपघात झाला असेल, तर त्या प्रस्तावाला चालवणाऱ्याचं वैध लायसन जोडावं लागतं. म्हणजे हा कागद घरच्या माणसांसाठीही आहे.

आधी शिकाऊ लायसन

पक्कं लायसन एकदम मिळत नाही. आधी शिकाऊ लायसन काढायचं. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर भरतात. स्वतःला जमत नसेल तर मुलाला-मुलीला बसवा किंवा सेवा केंद्रात जा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरचा दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. डोळ्यांना कमी दिसत असेल तर आधी चष्मा करून घ्या, मग दाखला घ्या. जी फी भराल तिची पावती जपून ठेवा.

अर्जात गाडीचा वर्ग नीट निवडा. गिअरची मोटारसायकल आणि बिनगिअरची स्कूटर यांचे वर्ग वेगळे आहेत. स्कूटरचं लायसन मोटारसायकलला चालत नाही आणि मोटारसायकलचं ट्रॅक्टरला चालत नाही.

शिकाऊ लायसनसाठी संगणकावर मराठीतून परीक्षा होते. १५ प्रश्न असतात, त्यांतले ९ बरोबर यावे लागतात. आधार कार्ड जोडलेलं असेल तर २०२१ सालापासून ही परीक्षा घरबसल्याही देता येते. "तुम्ही बसू नका, आम्ही पास करून देतो," असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. परीक्षा ते देतील, पण वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर येईल तेव्हा गाडीवर तुम्हीच असाल.

प्रश्न अवघड नसतात. रस्त्यावरच्या पाट्या तीन जातींच्या आहेत, एवढं आधी पाठ करा. गोल पाटी म्हणजे हुकूम, तो मोडला की गुन्हा. त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा : पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती : दवाखाना, पेट्रोल पंप. त्याशिवाय चार नियम ध्यानात ठेवा. पुढच्या गाडीला उजवीकडून ओलांडावं. वळणावर आणि अरुंद पुलावर ओलांडू नये. जिथे दिवा नाही, पोलीस नाही अशा चौकात आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. रुग्णवाहिका आली की बाजूला होऊन वाट द्यावी.

मधले तीस दिवस

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही. हे दिवस वाट बघण्यात घालवू नका, सरावात घाला. या काळात गाडीला पुढे-मागे 'एल'ची पाटी लावायची. पांढऱ्या जमिनीवर लाल 'एल', पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. मागे फक्त लायसन असलेला, शिकवणारा माणूस बसवता येतो. बाजाराला जाताना कारभारणीला किंवा पोराला मागे घेणं या काळात चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं, गाडी जोरात पळवता आली म्हणजे आली. परीक्षेत उलटं असतं. तिथे गाडी हळू चालवून दाखवायची असते. वेगात गाडी आपोआप तोल धरते, हळू चालवताना तोल माणसाला धरावा लागतो. वर्षानुवर्षं गाडी हाकणारे लोक आठच्या आकड्यात पाय टेकतात, ते यामुळेच.

आठचा आकडा असा गिरवा

मोकळं रान किंवा खळं बघा. दोन जुनी टायर पंधरा पावलांच्या अंतरावर ठेवा आणि दोन्हींच्या भोवती आठचा आकडा राखेने आखा. हेल्मेट घाला. कॅन, गोणी, पेंडी असलं काही गाडीवर ठेवू नका.

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. क्लच हळूहळू सोडा. एका ठिकाणी गाडी ओढ घेते, ती जागा हाताला ओळखू द्या. क्लच तिथेच अर्धा धरा, रेस थोडीच आणि एकसारखी ठेवा. वेग जास्त वाटला तर पायाचा ब्रेक अलगद दाबा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कधी दाबू नका. हळू गाडी तिथेच आडवी होते.

नजर कुठे ठेवायची, हे सगळ्यांत महत्त्वाचं. नांगराचं तास सरळ धरायचं तर आपण फाळाकडे बघत नाही, पलीकडच्या बांधाकडे बघतो. इथेही तसंच. पुढच्या चाकाकडे बघू नका. जिथे जायचं तिकडे मान वळवा, गाडी मागोमाग येते. खांदे सैल सोडा. दात-ओठ खाऊन हँडल आवळलं की गाडी डुलते.

रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. पहिल्या आठवड्यात पाय टेकेल, टेकू द्या. पंधरा पावलांवर जमलं की टायर बारा पावलांवर आणा, मग दहावर. पाय न टेकता सलग पाच आकडे झाले की तुम्ही तयार झालात. सोबत आणखी दोन सवयी लावा : वळण्याआधी आरसा बघणं आणि वेळेवर इंडिकेटर किंवा हाताचा इशारा देणं. आपल्या पायवाटेवर त्याचं काम पडत नाही, म्हणून परीक्षेत नेमकं हेच विसरतं.

परीक्षेच्या दिवशी

गाडी आपल्या सरावातलीच न्या. तिचं नोंदणी पुस्तक किंवा कार्ड, विमा आणि पीयूसी चालू असावी. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाइट, आरसे आदल्या दिवशी तपासा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घाला, पट्टा बांधा. साहेबांनी खूण केल्यावरच निघा. घाई नको, पुढच्याचं बघून वेग वाढवू नका.

नापास झालात तरी आभाळ कोसळत नाही. सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. मात्र तीनदा नापास झाल्यास पुढच्या परीक्षेसाठी ६० दिवस थांबावं लागतं.

पास झाल्यावर मुदतीची तारीख बघून ठेवा. तिशी ते पन्नाशीच्या आत लायसन काढलं तर ते दहा वर्षं चालतं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर वयाच्या साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षं.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• आधी शिकाऊ लायसन, मग ३० दिवस रोजचा सराव, मग परीक्षा.
• गोल हुकूम, त्रिकोण इशारा, निळा चौकोन माहिती.
• अर्धा क्लच, थोडी रेस, पायाचा ब्रेक, नजर लांब.
• कागद आणि हेल्मेट आदल्या रात्रीच काढून ठेवा.

पेरणी करायची तर रान आधी तयार करतो, तसंच हे आहे. महिनाभर सकाळची पंधरा मिनिटं द्या. हसणाऱ्या पोरांनाच मग शिकवायला बोलवाल.