उंबरठ्यावरचा नाच

फाल्गुन वद्य प्रतिपदेला, होळीची राख अजून उबदार असताना, सिन्नर परिसरातल्या जुन्या घरांत, किंबहुना सबंध नाशिक जिल्ह्यातच, देवघरातला वीराचा टाक खाली उतरविला जातो. अकाली वा रणांगणी मरण आलेल्या पूर्वजाची चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविलेली ही इवलीशी आकृती खोबऱ्याच्या वाटीत बसते, लाल कापडात गुंडाळली जाते, आणि मग घरातला एखादा पुरुष किंवा पोरगा ती दोन्ही हातांनी उरापाशी धरून डफाच्या ठेक्यावर नाचत रस्त्यावर येतो. होळीभोवती प्रदक्षिणा, पाण्यावर स्नान आणि पुन्हा देवघर एवढाच त्याचा प्रवास असतो; परंतु त्या वाटेवर आळीतली लहान मुले देवादिकांची सोंगे घेऊन, गळ्यात साखरेचे हारकडे मिरवीत त्याच्यासोबत चालतात. खुद्द नाशकात याच दिवशी दाजिबा वीर बाशिंग बांधून निघतो. अंगाची हळद उतरण्यापूर्वीच मारल्या गेलेल्या एका तरुणाची कथा लोक त्याच्याशी जोडतात.

सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडच्या खेड्यांत, या नाचाचा एक दूरचा सोबती आहे. मॉरिस हे त्याचे नाव. लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची १४४८ सालची नोंद दप्तरात आढळते. कॉट्सवोल्ड भागातल्या रिवाजात बहुधा सहा गडी तिघातिघांच्या दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात. गुडघ्याखाली घुंगरांचे चामडी पट्टे, हातात पांढरे रुमाल किंवा लाकडी दांडके, आणि सोबत एक विदूषक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, असे कैक संघ गावच्या पबसमोर नाचतात. पब म्हणजे केवळ मद्यालय नव्हे. ‘पब्लिक हाऊस’ या मूळ नावातच सार्वजनिक घराचा अर्थ आहे, आणि आपल्याकडे चावडीचा वा पाराचा जो दर्जा, तोच बव्हंशी त्याचा तिकडे असतो. नाचणाऱ्याला मिळणारा बिअरचा पेला हा त्या घराने केलेला त्याचा मान असतो.

हा नाच एकदा लोपण्याच्या बेतात आला होता. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डनजीक हेडिंग्टन येथे सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने आपल्या सासुरवाडीच्या खिडकीतून तो पाहिला. मॉरिसचा खरा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाचा. परंतु थंडीने बांधकामे बंद पडल्यामुळे रोजगार गेलेले मजूर चार पैशांसाठी त्या दिवशी दारोदार नाचत होते. विल्यम किंबर हा त्यांचा वादक पुढे शार्पचा साथी झाला. शार्पने चाली टिपल्या, १९११ साली लोकनृत्याची संस्था स्थापिली, आणि जी कला गरिबाच्या गरजेपोटी दारात उभी होती ती देशाचा वारसा ठरली. तथापि माझ्या मते ती जगली ती केवळ पुस्तकांनी नव्हे. ठरलेली तिथी, ठरलेले अंगण आणि स्वागताला उभा असलेला यजमान, या तिन्ही गोष्टी लोकांनी सोडल्या नाहीत, म्हणून ती जगली.

वीरापाशी आज तिथी आहे, डफ आहे. चिंता आहे ती यजमानाची. यादव राजा सेऊणचंद्राने वसविलेले म्हणून ज्याची ख्याती, ज्याच्या गोंदेश्वर मंदिराने यादवांचे वैभव अजून जपले आहे, त्या सिन्नरात मुसळगाव आणि माळेगावच्या कारखान्यांमुळे मुलुखोमुलुखीची माणसे राहावयास आली. ती याच गावची झाली, परंतु वीर म्हणजे कोण हे त्यांना सांगावयाचे राहून गेले. रंगमंचावर पारितोषिकासाठी नाचविल्यास वीराचे पाऊल कदाचित अधिक सफाईदार पडेल, पण ज्या पूर्वजाला वर्षातून एकदा गाव दाखवावयाचे, त्याला गावच दिसणार नाही. म्हणून येत्या धुळवडीला डफ ऐकू आला, तर दार उघडावे, उंबरठ्यावर उभे राहून वीराला ओवाळावे, त्याच्यासोबतच्या मुलांच्या हातावर गोड काही ठेवावे, आणि नव्याने आलेल्या शेजाऱ्यालाही हाक मारून बोलवावे.