गोविंदनगरला जायचंय? मगच बोगद्यात या!

इंदिरानगर अलीकडे, गोविंदनगर पलीकडे, मधून मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याच्याखालून बोगदा. संध्याकाळी तिथं कशी कोंडी होते हे नाशिककरांना सांगायला नको. आता समजा, बोगद्याच्या तोंडाशी एक पोलीस उभा केला आणि त्याला प्रत्येक गाडीचं घर कुठे ते पाठ आहे. पलीकडे जायचं असेल त्यालाच तो आत सोडणार. अलीकडच्याच रथचक्र चौकापर्यंत जायचंय त्याला बोगद्याकडे फिरकूही देणार नाही. कॉम्प्युटर नेटवर्कमधला ब्रिज हेच काम करतो. सोसायटीच्या जिन्यात मीटरशेजारी लुकलुकणारा तो स्विच आहे ना, तो म्हणजे अनेक तोंडांचा, म्हणजे पोर्टांचा, ब्रिजच.

गंमत अशी, की या पोलिसाला पत्ते कोणी शिकवलेले नसतात. डबा सुरू केला तेव्हा यादी कोरी. डेटाचा पहिला तुकडा आला, की तो आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि टिपून ठेवतो : हा तीन नंबरच्या पोर्टवरचा. ज्याला पोचवायचंय तो ओळखीचा नसेल तर? आला ते तोंड सोडून बाकी सगळीकडे धाडून देतो. ज्याचा असेल तो घेईल, बाकीचे टाकून देतील. पलीकडून उत्तर आलं, की त्याचंही नाव यादीत. म्हणजे नुसतं ‘कोण बोललं’ एवढं ऐकून पूर्ण घराचा नकाशा तयार!

तो विसरतोही झटपट. एखादा कॉम्प्युटर साधारण ३०० सेकंद गप्प राहिला, की त्याची नोंद खोडली जाते. लॅपटॉपची वायर हॉलमधून काढून बेडरूममध्ये लावली तरी नेट चालतं, कारण लॅपटॉप नव्या जागेवरून बोलला की जुनी नोंद लगेच बदलते.

अनेक पोर्टचा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आला. पोर्ट होते ७ आणि कंपनीचं नाव कल्पना! संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी बायकोचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

आता या हुशार डब्याची खोड. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खोचून बघा. (नको, खरंच नको.) सगळ्यांसाठी पाठवलेला एखादा तुकडा त्या वायरमधून गोल गोल फिरत राहतो. इथरनेटच्या तुकड्यावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर मर’ असं काही लिहिलेलंच नसतं, त्यामुळे तो मरत नाही, वाढतो. सगळे दिवे वेड्यासारखे फडफडतात आणि सगळ्या मजल्यांचं नेट बसतं.

यावर तोडगा काढला रेडिया पर्लमन यांनी, १९८५ मध्ये, डीईसी कंपनीत. सगळे ब्रिज आपसात बोलून एक म्होरक्या निवडतात आणि जादा वाटा स्वतःहून बंद ठेवतात. चालू वाट तुटली, की बंद ठेवलेली उघडते. बाईंनी शोधनिबंधात या पद्धतीवर स्वतः रचलेली कविताही छापली! म्होरक्याची निवड मात्र अजब. कोणी सेटिंगला हात लावला नसेल तर सगळ्यांचे गुण सारखे, ३२७६८. मग ज्याचा पत्ता आकड्याने लहान तो जिंकतो, आणि बरेचदा तो असतो कोपऱ्यातला सगळ्यात जुना, धुळकट डबा. नेटवर्कवाले म्हणूनच हा आकडा हाताने बदलतात. ब्रिजांचा हा पसारा हाताबाहेर गेला की काय होतं, ते बोस्टनच्या बेथ इझ्रायल रुग्णालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये पाहिलं : नेटवर्क कोलमडलं आणि डॉक्टरांना काही दिवस पुन्हा कागदावर कामं करावी लागली.

ब्रिज जो पत्ता वाचतो तो मॅक अॅड्रेस. १२ खुणांचा. राउटर उलटा करा, स्टिकरवर छापलेला सापडेल. पहिल्या ६ खुणा बनवणाऱ्या कंपनीच्या. आता फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जा. तिथल्या पत्त्याची दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल, तर तुमचा फोन खोटं नाव सांगतोय. पाळत चुकवायला हल्लीचे फोन बहुधा प्रत्येक वायफायवर वेगळं नाव लावतात.

केबलवाले मात्र अजून खऱ्या नावावर अडून. नवा राउटर आणला, सगळं नीट जोडलं, तरी नेट ढिम्म? त्यांच्याकडे जुन्याचाच पत्ता बांधलेला असू शकतो. फोन लावून एवढंच म्हणायचं : दादा, मॅक रिसेट करा.